ग्रुप ऑर्डरचे पैसे: कुणी, कधी आणि कसे गोळा करायचे?

थेट विक्री करणाऱ्या कंपनीच्या विक्रेत्या ताई वस्तू घेऊन येतात, कुणाच्या तरी घरी ‘पार्टी’ला दहा-बारा जणी जमतात, डबे, तवे, क्रीम्स हाताळून बघतात, ऑर्डर लिहिली जाते. वस्तूंबद्दल सहसा तक्रार नसते. कुरबुर होते ती पैशांवरून. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या घरी डब्यांची पार्टी झाली. नऊ जणींनी ऑर्डर दिली. विक्रेत्या ताई म्हणतात, सगळ्यांचे पैसे तुमच्या खात्यात घ्या आणि मला एकरकमी पाठवा. असं करावं का? (डोंबिवली)

टाळता येत असेल तर जरूर टाळा. पैसे तुमच्या खात्यात आले की माल हातात पडेपर्यंत त्यांची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. झाकण बसेना, रंग चुकला, पार्सल अडकलं, की शेजारीण विक्रेत्या ताईंना विचारणार नाही, तुमचीच बेल वाजवणार.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे प्रत्येकीने तिथेच, उठण्यापूर्वी, विक्रेत्या ताईंच्या क्यूआर कोडवर किंवा कंपनीच्या लिंकवर आपापले पैसे भरावेत. यूपीआयच्या टिपणीत स्वतःचं नाव आणि ऑर्डर फॉर्मचा क्रमांक लिहावा. पिन टाकण्याआधी ॲपवर खातेदाराचं नाव दिसतं. ते ताईंच्या ओळखपत्रावरच्या नावाशी किंवा कंपनीच्या नावाशी जुळतंय ना, हे बघायला पाच सेकंद लागतात.

पैसे तुमच्यामार्फतच जाणार असतील, तर एक कागद करा. त्यावर नाव, वस्तू, कॅटलॉगमधला कोड, माप, रंग, नग, किंमत, किती पैसे आले, रोख की यूपीआय आणि यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक असू द्या. माप आणि रंग मुद्दाम सांगतोय, कारण ‘तो निळा मोठा डबा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कॅटलॉगमध्ये निळे मोठे डबे तीन असतात. ऑर्डर पाठवण्यापूर्वी या कागदाचा फोटो ग्रुपवर टाका आणि प्रत्येकीकडून ‘बरोबर’ असं उत्तर घ्या. शेवटच्या व्यक्तीचे पैसे आल्याशिवाय ऑर्डर पुढे पाठवू नका. आणि बिल प्रत्येकीच्या नावाचं वेगळं मागा. सगळं बिल तुमच्या एकटीच्या नावावर झालं, तर दोन वर्षांनी कुणाचा डबा तडकला तरी गॅरंटीसाठी ते बिल तुम्हालाच शोधावं लागेल.

प्रश्न : दहा हजारांच्या वर ऑर्डर गेली की १० टक्के सूट होती. आमची ११,४०० ची झाली, म्हणून सूट वजा करून पैसे गोळा केले. आयत्या वेळी एकीने १,८०० ची ऑर्डर रद्द केली. आता सूट गेली. फरक कुणी भरायचा? (नाशिक)

आधी आकडे मांडू. राहिलेली ऑर्डर ९,६०० ची. सूट धरून तुमच्याकडे जमा झालेत ८,६४०. कंपनी आता पूर्ण ९,६०० मागणार, म्हणजे ९६० कमी पडतात. घाईने हे पैसे खिशातून भरू नका, कारण इथे एक वाट आहे. कुणीतरी ४०० रुपयांची एखादी वस्तू वाढवली की ऑर्डर १०,००० ची होते, सूट परत लागू होते आणि एकूण ९,००० भरावे लागतात. म्हणजे ४०० ची वस्तू वाढवूनही बिल ९,६०० वरून ९,००० वर येतं! वस्तू घेणारीने ३६० दिले की हिशेब पुरा. फक्त योजनेत ‘दहा हजारांच्या वर’ म्हटलंय की ‘दहा हजार व त्यापुढे’, ते विचारून घ्या. पहिलं असेल तर आणखी एखादी किरकोळ वस्तू लागेल.

पुढच्या वेळी पैसे पूर्ण किमतीने घ्या आणि सूट प्रत्यक्ष मिळाल्यावर ज्याची त्याला परत करा. परत आलेले पैसे सगळ्यांना गोड लागतात, पण नंतर मागितलेले शंभर रुपयेसुद्धा खटकतात. शिवाय ऑर्डर बंद करण्याची वेळ आधीच जाहीर करा, उदाहरणार्थ रविवार रात्री ९. त्यानंतर रद्द करणारीमुळे सूट गेली, तर तो फरक तिने द्यायचा, हे पार्टीतच सगळ्यांसमोर सांगितलेलं असावं. नंतर सांगितलेला नियम कुणीच मानत नाही.

प्रश्न : कुरिअरचा खर्च सारखा वाटायचा की ऑर्डरप्रमाणे? शिवाय आमच्याकडून एमआरपीवर वेगळा जीएसटी मागितला. (सातारा)

दुसरा भाग आधी: एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही, देऊ नका. पोचवण्याचा खर्च वेगळा घेता येतो, पण तो ऑर्डर घेतानाच सांगायला हवा.

वाटणी ऑर्डरप्रमाणे करावी, असं आमचं मत. समजा ऑर्डर ८,००० ची आणि कुरिअर २४० रुपये. म्हणजे शंभराला ३ रुपये. २,००० ची खरेदी करणारीने ६० द्यावेत, २५० चा चमच्यांचा सेट घेणारीने साडेसात. आठ जणींत सारखे ३० लावले, तर त्या सेटवर १२ टक्के भार पडतो आणि ती पुढच्या पार्टीला येत नाही. अपवाद बिडाच्या कढईसारख्या जड वस्तूंचा; तिथे वजनाप्रमाणे वाटणी न्याय्य ठरते.

विक्रेत्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. ४० × ४० × ५० चं खोकं रिकाम्या डब्यांनी भरलं, तर ते पाच किलोचं असूनही १६ किलोचं धरलं जातं. म्हणून डबे एकात एक बसवून पाठवा, झाकणं वेगळी रचा.

प्रश्न : मी विक्री करते. एका ग्राहकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, पण खात्यात काही आलं नाही. (कोल्हापूर)

स्क्रीनशॉट हा पुरावा धरूच नका. तो बनावट असू शकतो, जुना असू शकतो किंवा व्यवहार अजून ‘पेंडिंग’ असू शकतो. गर्दीत हेच हुकतं. पैसे आले का, ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा खातेपुस्तिकेत बघा आणि मगच फॉर्मवर ‘जमा’ लिहा.

व्यवहार ‘पेंडिंग’ असेल, तर ग्राहकाला लगेच दुसऱ्यांदा भरायला लावू नका. बऱ्याचदा दोन्ही रकमा येतात आणि परतफेडीचा घोळ होतो. तिच्या खात्यातून पैसे गेले आणि तुमच्या खात्यात आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यक्ती ते व्यक्ती व्यवहारात ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. दुकानदाराच्या क्यूआरवर भरले असतील, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. आणि पैसे *घेण्यासाठी* पिन कधीही टाकावा लागत नाही. तसं सांगणारा फसवतोय, हे नक्की.

प्रश्न : भिशीतली मैत्रीण म्हणते, पगार झाला की देते. नाही कसं म्हणायचं? (अकोला)

माणसाला नाही म्हणू नका, ऑर्डर पुढे ढकला: ‘तुझं नाव लिहून ठेवते, पाच तारखेनंतरच्या ऑर्डरमध्ये घालते.’ पार्टीच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवली, तर हा प्रसंगच कमी येतो. उधारी विक्रेतीला किती जड जाते ते बघा. २० टक्के मार्जिन असेल, तर १,५०० ची एक वस्तू बुडाली म्हणजे पदरचे १,२०० गेले. ते भरून काढायला आणखी ६,००० ची विक्री करावी लागते.

प्रश्न : पार्टी ठेवणारीला भेटवस्तू मिळते. ती आमच्या पैशांतूनच ना? (मडगाव)

ती एकूण विक्रीवर ठरते, म्हणजे एका अर्थाने हो. घर, वेळ आणि चहा-खाणं तिचं असतं, त्यामुळे आम्हाला ते रास्त वाटतं. मात्र किती विक्रीवर काय मिळणार, ते विक्रेत्या ताईंनी सुरुवातीलाच उघड सांगावं. आणि ‘ग्रुपसाठी’ म्हणून जाहीर झालेली सूट यजमानीणबाईंच्या भेटीत वळवली जाऊ नये.

प्रश्न : नऊपैकी दोन वस्तू आल्याच नाहीत, एक फुटलेली आली. ताई म्हणतात, पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करू. (पुणे)

तुम्हाला वळते करून घ्यायचे नसतील, तर पैसे परत मागा. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ नुसार विक्रेत्याने पहिल्या विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी ऑर्डर फॉर्म द्यायचा असतो. त्यावर कंपनी आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता, वस्तूचं पूर्ण वर्णन, एकूण रक्कम, माल मिळण्याची वेळ आणि ऑर्डर रद्द करण्याचा किंवा विकण्याजोग्या स्थितीतली वस्तू परत देऊन पूर्ण पैसे मिळवण्याचा हक्क लिहिलेला हवा. विक्रेत्याजवळ ओळखपत्रही हवं.

पार्सल उघडताना सगळ्यांसमोर व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. फुटलेल्या वस्तूचे फोटो त्याच दिवशी ऑर्डर क्रमांकासह पाठवा. न आलेल्या वस्तूंची रक्कम, कुणाला, कोणत्या खात्यात आणि किती तारखेपर्यंत, हे ताईंकडून लिहून घ्या, तोंडी नको. तारीख उलटली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्यांनी सर्वसाधारणपणे महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथेही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्या वेळी ऑर्डर फॉर्म, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक आणि ते लेखी आश्वासन समोर ठेवा.