देणगीत आलेली प्रयोगपेटी कुलपात ठेवू नका

ताई, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायला लागलात आणि पहिल्याच वर्षी शाळेला साहित्य मिळालं, छान झालं! सुरुवातीला थोडंच सांभाळा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'मोडेल' म्हणून पेटी बंद ठेवणं. मीही ठेवली होती. उघडली तेव्हा सेल गळलेले. मुलांच्या हातून एखादी परीक्षानळी फुटली तर फुटू द्या.

देणगीदारांनी विचारलं तर एका महागड्या सूक्ष्मदर्शकाऐवजी दहा भिंगं आणि चार-पाच फोल्डस्कोप मागा. संशोधक मनू प्रकाश यांनी तयार केलेल्या या कागदी सूक्ष्मदर्शकातून वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाका, पेशी स्पष्ट दिसतात. रांगेतून क्षणभर डोकावणं वेगळं आणि स्वतः पापुद्रा सोलून पेशी शोधणं वेगळं. त्या तासाला मुलं घंटा झाली तरी उठत नाहीत.

बाकी:
- सेल, लिटमस, आयोडीन संपतात. त्यांची यादी आधीच देणगीदारांना द्या.
- विजेचे प्रयोग १.५ व्होल्टच्या सेलवरच, भिंतीतल्या प्लगवर कधीच नाही.
- पट्टीचुंबक जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे ठेवा.

रसायनांचं नंतर बघू. या आठवड्यात कांदा आणा.