जहाजावर बॅटरी बसवून खरंच डिझेल वाचतं का? बॅटरी भरायला शेवटी इंजिनच चालवावं लागतं ना? आणि मुंबईतल्या बोटींना हे जमेल का? माझा इलेक्ट्रिकल डिप्लोमा चालू आहे, त्यावर जहाजावर जाता येईल का?

इलेक्ट्रिकल डिप्लोमा करताय म्हणालात, आणि शंका अगदी बरोबर जागी काढलीत. डिझेल जाळून जनरेटर फिरवायचा, त्याची वीज बॅटरीत भरायची, तीच परत मोटरला देऊन प्रोपेलर फिरवायचा, एवढा वळसा घातल्यावर लॉस वाढणारच की. वाढतोच. जनरेटर, कन्व्हर्टर, मोटर, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं करत 8-10 टक्के सहज जातात, आणि इंजिन सरळ शाफ्टला जोडलं तर गिअरबॉक्समध्ये फार तर 2-3 टक्के. म्हणजे कागदावर हायब्रिड, म्हणजे इंजिन अधिक बॅटरी, हरलंच. तरीपण काही जहाजांवर ते डिझेल वाचवतं हे मी स्वतः इंजिन रूममध्ये उभं राहून बघितलंय, आणि त्याचं कारण बॅटरीत नाही, इंजिनावर लोड किती आहे त्यात आहे.

माझी सुरुवातीची वर्षं मुंबई हायला सप्लाय बोटींवर गेली. या बोटी समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मला पाणी, सिमेंट, पाइप, डिझेल नेऊन देतात आणि माल चढउतार होईपर्यंत प्लॅटफॉर्मच्या अगदी जवळ एका जागी उभ्या राहतात, नांगर न टाकता, नुसत्या थ्रस्टरवर, म्हणजे बोटीला हवं तिकडे ढकलणाऱ्या पंख्यांवर, वारा आणि पाण्याचा प्रवाह बघून कॉम्प्युटर थ्रस्टर कमीजास्त करत राहतो, याला डीपी (डायनॅमिक पोझिशनिंग) म्हणतात. आता अशा वेळी एक जनरेटर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, आणि बोट वाहत जाऊन प्लॅटफॉर्मला लागली तर काय होईल याचा विचार करा, तिथे तेल आणि गॅसच्या लाइन आहेत, माणसं आहेत. म्हणून काम एका जनरेटरचं असलं तरी दोन चालू ठेवायचे. मग प्रत्येकावर लोड किती राहिला, तर 30-35 टक्के, आणि तोही रात्रभर.

डिझेल इंजिनाला हे अजिबात मानवत नाही. सिलिंडर नीट तापत नाही, टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही, डिझेल अर्धवट जळतं. पहाटे चारच्या वॉचला, म्हणजे पाळीला, टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या जॉइंटखाली बघितलं की काळं चिकट तेल ओघळलेलं असायचं, चिंधीने पुसून काढलं तरी तासाभरात परत तिथेच. बोट प्लॅटफॉर्मपासून लांब आली की चीफ इंजिनिअर मुद्दाम इंजिनवर लोड घ्यायला लावायचे, साचलेला कार्बन जळून जावा म्हणून, तेव्हा फनेलमधून, म्हणजे धुराड्यातून, जो काळा धूर निघायचा तो बघून जीव हळहळायचा, कारण ते सगळं पैसे देऊन भरलेलं डिझेल होतं. आणि एखादी मोठी लाट येऊन थ्रस्टरने एकदम पॉवर मागितली की बोर्डवरचा फ्रिक्वेन्सी मीटर 60 हर्ट्झवरून खाली झुकायचा, दिवे क्षणभर मंद व्हायचे, माझा हात आपोआप तिसऱ्या जनरेटरच्या स्टार्ट बटणाकडे जायचा.

नंतर नॉर्थ सीमध्ये अशाच कामाच्या एका बोटीवर गेलो, तिला बॅटरी बसवलेली होती. तिथे डीपीत एकच जनरेटर चालायचा. तो बंद पडला तर बॅटरी तिथल्या तिथे लोड उचलते, दिवा लुकलुकत पण नाही, आणि तेवढ्यात दुसरा जनरेटर सुरू होऊन लोड घेतो किंवा बोट सुखरूप लांब काढता येते. म्हणजे बॅटरीचं काम बोट चालवणं नव्हतंच, स्टँडबाय राहण्याचं होतं. लाटेचा झटका पण बॅटरी घ्यायची, त्यामुळे इंजिन एका लयीत चालायचं.

आकडे घालून बघा. समजा बोटीला 1200 किलोवॅट लागतायत आणि जनरेटर 1600 किलोवॅटचे आहेत. दोन चालवले तर प्रत्येकी साडेसदतीस टक्के लोड, तिथे इंजिन एका युनिटमागे साधारण 220 ग्रॅम डिझेल खातं, म्हणजे तासाला 264 किलो. एकच चालवला तर 75 टक्के लोड, तिथे साधारण 198 ग्रॅम, तासाला 238 किलो. फरक तासाला 26 किलो म्हणजे दिवसाला 600 किलोच्या वर. शिवाय दुसऱ्या इंजिनाचे रनिंग अवर्स वाचले, म्हणजे ओव्हरहॉल पुढे गेला, फिल्टर, तेल, माणसांची मेहनत सगळंच कमी. तुम्ही म्हणता तो लॉस इथेही आहेच, पण या बोटीचे थ्रस्टर आधीपासूनच विजेवर चालायचे, त्यामुळे तो नव्याने वाढला नाही.

वीज मधे घालायची ही कल्पना काही आजची नाही. 1903 साली रशियात व्होल्गा नदीवर चालणारी वांदाल नावाची टँकर बोट डिझेल-इलेक्ट्रिकच होती, कारण तेव्हाच्या डिझेल इंजिनाला उलटं फिरता यायचं नाही, मोटरला यायचं. आणि आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्याही डिझेल-इलेक्ट्रिकच, पाण्याखाली बॅटरीवरच चालतात.

आता नुसत्या बॅटरीवर, इंजिनच नाही, असं कुठे जमतं? अंतर छोटं, रोजची तीच फेरी, दोन्ही टोकांना धक्का. नॉर्वेत लाविक आणि ओपेदाल या दोन गावांमध्ये 2015 मध्ये अँपियर नावाची फेरीबोट सुरू झाली, 120 गाड्या आणि 360 माणसं, साधारण 1 मेगावॅट अवरची बॅटरी, 20 मिनिटांचा प्रवास आणि 10 मिनिटांचं चार्जिंग, दिवसाला 34 फेऱ्या. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गावची वीज लाइन एवढा लोड एकदम द्यायला कमी पडत होती, तर त्यांनी दोन्ही धक्क्यांवरच वेगळ्या बॅटऱ्या ठेवल्या, त्या लाइनवरून सावकाश भरत राहतात आणि बोट धक्क्याला लागली की भसाभस ओततात, आपण गच्चीवरच्या टाकीत पाणी साठवतो तसंच ते. आपल्याकडे केरळात वैकोम-तवणक्कडवू मार्गावर 2017 पासून आदित्य ही 75 सीटची सोलर बोट आहे, आणि कोची वॉटर मेट्रोच्या बोटी 2023 पासून बॅटरीवर धावतायत, फक्त अडचणीसाठी त्यांच्यावर डिझेल जनरेटर ठेवलेला असतो. दोन्हीकडे बोटी कॅटामरान आहेत, दोन अरुंद हल, म्हणजे बोटीचे पाण्यातले तळ, जोडलेल्या, कारण पाणी कापायला जोर कमी लागला तरच बॅटरी पुरते. हे लोक विसरतात, बचत हलपासून सुरू होते.

मोठ्या कंटेनर जहाजाचं मात्र तसं नाही. न्हावा शेवाहून युरोपला जाणारं जहाज दिवसाला 100 टन इंधन जाळत 20 दिवस चाललं असं धरा, म्हणजे 2000 टन. तेवढंच काम बॅटरीतून काढायचं तर माझ्या हिशोबाने 90 हजार टनांच्या आसपास बॅटरी लागेल, म्हणजे माल ठेवायला जागाच नको, सगळं जहाज बॅटरीच. आणि इंजिन तर दिवसरात्र एका ठरलेल्या, चांगल्या लोडवर चालतंय, तिथे हायब्रिड वाचवणार काय? बंदरात शिरताना थोडंफार, बस. अशा जहाजाने स्पीड कमी करावा. स्पीड 10 टक्के उतरवला की पॉवर जवळजवळ 27 टक्के कमी लागते आणि तेवढ्याच अंतराला इंधन साधारण 19 टक्के वाचतं, वेळ थोडा जास्त जातो इतकंच.

बॅटरीची भीती पण बाळगायलाच पाहिजे. 2019 मध्ये नॉर्वेतच इटेरॉयनिंगेन या हायब्रिड फेरीबोटीच्या बॅटरी रूमला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. आम्हाला ड्रिलमध्ये परत परत सांगायचे, आग विझली म्हणून बॅटरी रूमचं दार उघडायचं नाही.

मुंबईबद्दल विचारलंत. भाऊचा धक्का, रेवस, मोरा, मांडवा, एलिफंटा, ही सगळी छोटी अंतरं आहेत, बॅटरीला साजेशी. पण धक्क्यावर दणकट चार्जिंग लागेल, भरती-ओहोटीत वरखाली होणाऱ्या बोटीला जोडता येईल असं. आणि खरं सांगायचं तर आपली वीज अजून जास्त करून कोळशाची, नॉर्वेची जवळजवळ सगळी पाण्याची, त्यामुळे नुसता कार्बन मोजला तर आपल्याकडे जेमतेम बरोबरी होते. तरीपण मला ते व्हायला हवंय. बॅटरीवर बोट बंदरात आली तेव्हा मला इंजिन रूममध्ये पहिल्यांदा कूलिंग पंपाच्या बेअरिंगचा आवाज ऐकू आला होता, एवढी शांतता. धक्क्यावर रोज तासन् तास धूर खाणाऱ्या खलाशांना आणि हमालांना ती मिळाली पाहिजे.

आणि तुमच्या डिप्लोमाचं, तर ईटीओ, म्हणजे जहाजावरचा इलेक्ट्रिकल अधिकारी, म्हणून जहाजावर जाता येतं, कोर्स डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेतूनच करा, आणि कुणी एजंट नोकरीसाठी आधी पैसे मागत असेल तर त्याला एक रुपया देऊ नका.