सुटा डॉस ७.१ : खरा की बनावट?

प्रश्न : माझ्या कापडाच्या कटिंग मशीनचा प्रोग्रॅम फक्त डॉसवर (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालतो. नवी हार्ड डिस्क बसवली, तर डॉस ६.२२ एका ड्राइव्हला २ जीबीच्या वर जागा देत नाही. मित्राने ‘एमएस-डॉस ७.१०’ची सीडी दिली आहे. विंडोज लागत नाही म्हणे. असा डॉस कधी विकायला होता का? आणि मायक्रोसॉफ्टने डॉस आता खुला केलाय ना?

उत्तर : विकायला कधीच नव्हता. कंपनीने सुटा विकलेला शेवटचा एमएस-डॉस म्हणजे तुमचाच ६.२२, १९९४ सालचा. पुढच्या वर्षी विंडोज ९५ आलं आणि डॉस त्याच्या पोटात गेला. ७.१ ही आवृत्ती विंडोज ९५च्या नंतरच्या प्रतींत आणि विंडोज ९८मध्ये होती. ‘चायना डॉस युनियन’ नावाच्या हौशी मंडळींनी ती बाहेर काढली, तिला इन्स्टॉलर जोडला, वर बरीच युटिलिटी भरली. थोडक्यात, इंजिन कंपनीचं, गाडी गॅरेजमध्ये बांधलेली.

तुम्हाला हवं ते इंजिनातच आहे. ७.१ला फॅट३२ (डिस्कवर फाइली मांडण्याची नवी पद्धत) कळते, त्यामुळे २ जीबीची अडचण सुटते. लांब नावांच्या फाइली मात्र नुसत्या डॉसमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो.

‘खुला केलाय’ हे अर्धंच खरं. १.२५, २.० आणि २०२४मध्ये ४.००, एवढ्यांचाच सोर्स कोड मुक्त परवान्याखाली आला. ७.१ त्यात नाही, म्हणजे ही सीडी विनापरवाना वाटप आहे. शिवाय ती कोणाकोणाच्या हातून आली हे तुमच्या मित्रालाही सांगता येणार नाही. मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर मी असली प्रत चढवणार नाही.

घरात विंडोज ९८ची अस्सल सीडी असेल तर तिच्या स्टार्टअप डिस्कवरून बूट करा आणि ‘सिस सी:’ (SYS C:) ही कमांड द्या. तोच ७.१ डिस्कवर येतो, इन्स्टॉलरची गरजच नाही. आवृत्ती विचारणारी ‘व्हर’ (VER) कमांड दिल्यावर ‘विंडोज ९८’ असं उत्तर आलं तरी दचकू नका. प्रोग्रॅमने ‘इनकरेक्ट डॉस व्हर्जन’ म्हणून हात वर केले, तर ‘सेटव्हर’ (SETVER) कमांडने त्याला ६.२२ आहे असं भासवता येतं.

सीडी नसेल तर फ्रीडॉस, म्हणजे एमएस-डॉससारखाच पण मुक्त डॉस. जिम हॉल यांनी १९९४मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प अजून जिवंत आहे, १.४ आवृत्ती २०२५मध्ये आली. फॅट३२ चालते, फुकट आहे, परवान्याची कटकट नाही. आधी सुट्या डिस्कवर टाका आणि मशीनला एखादं निरुपयोगी कापड देऊन पाहा.

पण मुळात ६.२२वर भागत का नाही? डॉसच्या जमान्यातला प्रोग्रॅम आणि त्याची डिझाइनं २ जीबी भरणं कठीणच. त्यातूनही कमी पडलं तर डॉसच्याच ‘एफडिस्क’ (FDISK) कमांडने डिस्कचे दोन-तीन भाग पाडा.