पीएफके-२ : यकृताचा नियम हृदयाला लावला की मार्क जातात, आणि मग खिडकीवर काय होतं

ताई, तुमची पोस्ट वाचून जुनं सगळं वर आलं. ‘अ‍ॅड्रेनालिनमुळे हृदयात फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट वाढतं असं लिहिलं, शून्य मिळाला. सर म्हणतात फॉस्फेट लागलं की किनेज बंद. अर्ज करू का?’ तुमचं उत्तर बरोबर आहे. (किनेज म्हणजे फॉस्फेट जोडणारं एन्झाइम; इथे पीएफके-२, जे फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट बनवतं.) एम.एस्सी.ला माझेही मार्क याच प्रश्नावर गेले होते.

ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत साखर फोडून ऊर्जा काढायचा रस्ता, तुम्हाला येतंच, ते सोडते. फक्त फ्रुक्टोज-१,६ आणि फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेटची गल्लत नको. २,६ हा त्या रस्त्यावरचा माल नाही, ती नुसती चिठ्ठी आहे. चिठ्ठी असली की त्या रस्त्यावरचं एन्झाइम पीएफके-१ एटीपीला (पेशीतलं ऊर्जेचं चलन, जे भरपूर असलं की त्याला थांबवतं) फारसं जुमानत नाही आणि उलट दिशेचं, साखर बनवणारं एफबीपेज-१ दबतं. १९८० साली बेल्जियममध्ये हर्स आणि व्हॅन शाफ्टिंगेन यांना हा रेणू सापडला. ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृतातलं ग्लायकोलिसिस कसं थांबवतं, त्याचा माग काढत होते.

ही चिठ्ठी लिहिणारं आणि फाडणारं एन्झाइम एकच, पीएफके-२. प्रथिनाच्या एकाच साखळीत सुरुवातीला (एन-टोकाकडे) लिहिणारं किनेज, शेवटाला (सी-टोकाकडे) फाडणारं बिसफॉस्फटेज, आणि अशा दोन साखळ्यांची जोडी म्हणजे डायमर. १९९६ मध्ये उंदराच्या वृषणातल्या प्रकाराची स्फटिकरचना आली, तेव्हा किनेजचा भाग पीएफके-१ सारखा दिसलाच नाही, अ‍ॅडेनिलेट किनेज या वेगळ्याच एन्झाइमच्या वळणाचा निघाला. फॉस्फटेजचा भाग फॉस्फोग्लिसरेट म्युटेज या आणखी एका एन्झाइमच्या घराण्यातला, तिथे हिस्टिडीन हे एक अमिनो आम्ल फॉस्फेट तात्पुरतं स्वतःवर घेतं. नावात पीएफके असलं म्हणून पीएफके-१ चा भाऊ समजू नका.

आता भांडणाचा मुद्दा. यकृतातल्या प्रकारात फॉस्फेट लागतं ते ३२ व्या सेरीनला (साखळीतलं ३२ वं अमिनो आम्ल), म्हणजे किनेजच्या बाजूला. उपाशीपोटी ग्लुकागॉन वाढलं, पेशीतला निरोप्या सायक्लिक एएमपी वाढला, त्याने चालू होणाऱ्या पीकेए या एन्झाइमने तिथे फॉस्फेट लावलं, की किनेज मंदावतं आणि फॉस्फटेज जोर धरतं. २,६ उतरतं, यकृत साखर जाळायचं सोडून बनवायला लागतं. एकादशीला दिवसभर निरंकार राहूनही मेंदूला साखर मिळते त्यात याचा वाटा आहे. इन्शुलिन आलं की ते फॉस्फेट निघतं आणि उलटा कारभार सुरू होतो.

हृदयातल्या प्रकारात ही जागाच नाही. तिथे अ‍ॅड्रेनालिन आलं की पीकेए फॉस्फेट लावतो सी-टोकाजवळ, ४६६ आणि ४८३ या सेरीनांना, आणि किनेज वाढतं. पीकेए तोच, फॉस्फेट तोच, जागा वेगळी, म्हणून निकाल उलटा. अर्थही लागतो: यकृताला दुसऱ्यांसाठी साखर सोडायची असते, धडधडणाऱ्या हृदयाला स्वतःसाठी जाळायची असते. हाडांना जोडलेल्या स्नायूंत तर यकृताचाच जीन, पण सुरुवातीचा तुकडा वेगळा, त्यामुळे ३२ चं सेरीन गायब. ‘फॉस्फेट म्हणजे किनेज बंद’ हा तक्ता आमच्या लातुरात भिंतीवर चिकटवून पाठ करतात. माझं मत विचाराल तर तो तक्ता फाडून टाका, नाहीतर वर मोठ्या अक्षरात ‘फक्त यकृत’ असं लिहा.

माझ्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळाली तेव्हा ‘हृदय’ या शब्दाखाली लाल पेनाची रेघ होती, माझा वर जाणारा बाण खोडून शेजारी खाली जाणारा बाण काढलेला, आणि समासात गोल शून्य. मी पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स लावून परीक्षा विभागात गेले. कुठल्या, ते विचारू नका, नाव घेणार नाही. खिडकीतले साहेब म्हणाले, “मॅडम, अर्जात दोनच रकाने आहेत, फेरमोजणी आणि पुनर्मूल्यांकन. मॉडेल आन्सरच चुकलंय याला रकाना नाही. कशाला डोकं लावायलाव?” पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले, तर दुसऱ्या परीक्षकानेही त्याच मॉडेल आन्सरवरून तपासलं आणि ‘बदल नाही’ आलं. तक्रारीचं पत्र दिलं ते ‘वर पाठवलंय’ म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पत्र घेतलं पण पोच म्हणून आवक क्रमांक दिलाच नाही. मी जरा आवाज चढवला तर जेवणाची सुट्टी झाली. माझे ५५ टक्के थोडक्यात हुकले, खुल्या गटातून नेट (प्राध्यापक पात्रता परीक्षा) देता येईना, श्रेणीसुधार परीक्षेत वर्ष गेलं. एका बाणापायी!

तुम्ही आधी छायाप्रत घ्या, मुदत आखूड असते. मग पत्रात भावनिक काही लिहू नका. प्रश्न क्रमांक, तुमचं वाक्य, पाठ्यपुस्तकाचं पान, एवढंच. विभागप्रमुखांची सही मिळाली तर घ्या, नुसत्या विद्यार्थ्याचं पत्र बाजूला पडतं. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकी सोडू नका. छायाप्रतच देत नसतील तर माहिती अधिकार आहे, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलाय. मी वकील नाही, तुमच्या विद्यापीठाचे नियम बघून घ्या. मार्क वाढतीलच अशी खात्री मी देत नाही.

खाली एका दादांनी विचारलंय की हे एन्झाइम वाढवून शुगर कमी होईल का. दादा, मी शिकवणारी बाई, डॉक्टर नाही. घरच्यांच्या गोळ्या यावरून कमीजास्त करू नका.

आणि ताई, तोंडी परीक्षेत कॅन्सरचं विचारलं तर पीएफकेएफबी-३, म्हणजे याच एन्झाइमचा आणखी एक प्रकार, सांगा. त्याचं किनेज फॉस्फटेजच्या जवळपास ७०० पट चालतं, म्हणून गाठीतल्या पेशींत २,६ चढलेलं राहतं. लेखी उत्तरात मात्र विचारल्याशिवाय घालू नका. मॉडेल आन्सरमध्ये नसेल तर त्यावरही लाल रेघ येईल.