ब्राउझरमध्ये क्रंकर खेळताना गेम सारखा अडखळतो, काय करावे?

क्रंकर हा २०१८ साली आलेला नेमबाजीचा गेम वेबजीएलवर, म्हणजे ब्राउझरमध्ये ग्राफिक्स चिपच्या मदतीने चित्र रेखाटणाऱ्या तंत्रावर चालतो. त्यामुळे क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ विभागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद असेल, तर चित्र रेखाटण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि ऐन नेम धरताना दृश्य अडखळते. तो पर्याय आधी सुरू करून ब्राउझर पुन्हा उघडावा. चित्र सुरळीत असूनही गोळी उशिरा लागत असेल, तर दोष बहुधा पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेचा असतो. अशा वेळी जवळचा सर्व्हर निवडावा आणि शक्य असल्यास वायफायऐवजी लॅनची केबल जोडावी. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो: विंडोजवर खाली वाकण्यासाठी कंट्रोलचे बटण मुळीच ठेवू नये, कारण वाकलेल्या स्थितीत पुढे जाण्यासाठी डब्ल्यू दाबताच कंट्रोल+डब्ल्यू हा टॅब बंद करण्याचा शॉर्टकट लागून टॅबच बंद होऊ शकतो आणि रंगात आलेला सामना हातचा जातो. शिफ्ट उत्तम.