राजीनामा दिल्यावर किती राबायचे?

‘ताई, मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात सहा वर्षे आणि पाच महिने काम करतो आहे. रांजणगावच्या एका कंपनीत चांगली संधी मिळाल्यामुळे मागच्या आठवड्यात राजीनामा दिला. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. त्या दिवसापासून साहेब माझ्याशी धड बोलत नाहीत, मीटिंगला बोलावत नाहीत, पण पुढच्या महिन्यातल्या कस्टमर ऑडिटची सगळी तयारी मात्र माझ्याच अंगावर टाकली आहे. राहून गेलेल्या कॅलिब्रेशनच्या (मापाची साधने बरोबर माप दाखवतात का, याच्या तपासणीच्या) नोंदी मागच्या तारखांनी पूर्ण करून सह्या करा, असेही त्यांनी तोंडी सांगितले. एचआर म्हणते, हवे असेल तर दहा दिवसांत मोकळे करतो. मित्र म्हणतात, आता कशाला मरतोस, मेडिकल टाक आणि घरी बस. वडील एसटीतून निवृत्त झाले आहेत; ते म्हणतात, शेवटच्या दिवसापर्यंत दुप्पट काम कर, नाव निघाले पाहिजे. माझे मन मात्र कामातून पार उडाले आहे. नेमके किती काम केले म्हणजे मी प्रामाणिकपणे वागलो असे होईल?’
— तळेगावहून एक वाचक

प्रिय वाचक,

तुमचे मित्र आणि तुमचे वडील परस्परविरुद्ध सल्ला देत असले, तरी दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आहे. राजीनामा दिल्यानंतर कामाचे प्रमाण किती असावे यापेक्षा कामाचे स्वरूप बदलते, हे महत्त्वाचे आहे. हे दोन महिने नियुक्तिपत्रात असतात, ते कंपनीला तुमच्या जागी दुसरा माणूस शोधता यावा आणि तुमच्या हातातले काम त्याच्या हातात नीट जावे म्हणून. त्यामुळे या काळात तुमचे मुख्य काम सोपवण्याचे आहे आणि तुमच्या प्रामाणिकपणाची कसोटीही तिथेच लागेल. तुम्ही गेल्यानंतर एखाद्या रात्री दुसऱ्या पाळीत रिजेक्शन वाढले, तर तुमच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तुम्हाला फोन न लावता कारण शोधता आले पाहिजे. एवढे साधले, तर तुम्ही रोज साडेपाचला बसमध्ये बसलात की साडेसातला, याला काही अर्थ उरत नाही.

आता सोपवायचे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. तरीही लिहिते, कारण ‘हँडओव्हर’ या नावाखाली फोल्डरांची एक यादी पाठवून देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक पाळणाऱ्या कारखान्यात कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसे तपासायचे याचा आराखडा), एफएमईए (काय बिघडू शकते याचा आधीच केलेला अभ्यास), तपासणीची पत्रके असे सगळे कागदावर असतेच. मात्र कोणत्या मशीनवर पहिले काही नग दरवेळी मापाबाहेर जातात, कोणत्या पुरवठादाराचा माल पावसाळ्यात गंजून येतो, कोणता गेज (माप तपासण्याचे साधन) नव्या ऑपरेटरच्या हातात चुकीचे माप दाखवतो आणि कोणत्या ग्राहकाच्या इन्स्पेक्टरला अहवाल आधी फोनवर सांगितलेला आवडतो, हे सहा वर्षांत तुमच्या डोक्यात साठले आहे आणि ते कोणत्याही फोल्डरमध्ये नाही. ते लिहून काढा आणि रोज अर्धा-पाऊण तास त्यासाठी राखून ठेवा. मन उडालेले असतानाही हे काम होते, कारण त्याला उत्साह लागत नाही, फक्त आठवण लागते.

दुप्पट काम करण्याच्या विरोधात मी का आहे, तेही सांगते. जाणारा माणूस उत्साहाच्या भरात नव्या तक्रारी, नवे प्रोजेक्ट अंगावर घेतो, ते अर्धवट राहतात आणि ते अर्धे काम कुणाच्या गळ्यात पडले हे पुढे सहा महिने कुणालाच कळत नाही. म्हणून आजपासून नवीन जे येईल त्यावर पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचे नाव असावे, तुम्ही केवळ सोबत असावे. ऑडिटच्या तयारीचेही तसेच. तुम्ही ती करा, पण साहेबांना आजच मेल लिहून विचारा की माझ्या जागी कोण येणार आहे आणि तोपर्यंत माझ्याबरोबर कुणाला बसवता. उत्तर आले नाही, तर आठवड्याने पुन्हा विचारा. वडिलांना वाईट वाटणार असेल तर त्यांना त्यांच्याच खात्यातले उदाहरण द्या. आपल्या फेऱ्या संपल्यावर गाडी डेपोत लावताना ब्रेकची तक्रार नोंदवून मगच घरी जाणारा चालक त्यांनी पाहिला असेल. त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या नाहीत म्हणून त्याला कुणी कामचुकार म्हटले नसेल.

मित्रांच्या सल्ल्याबद्दल थोडक्यातच लिहिते. खरोखर आजारी पडलात तर रजा घ्या, तो तुमचा हक्क आहे. खोटे मेडिकल म्हणजे एका डॉक्टरला सोबत घेऊन बोललेले खोटे. शिवाय अनेक कंपन्यांत नोटिशीच्या काळातली रजा पुढे जोडली जाते आणि सुटण्याची तारीखच लांबते. तुमच्या नियुक्तिपत्रात त्याबद्दल काय लिहिले आहे ते पाहा. आणि घरी न बसता कारखान्यात येऊन पाट्या टाकायच्या, हा त्याच सल्ल्याचा जरा सभ्य अवतार आहे. त्याचा त्रास साहेबांना होत नाही. तुमच्या वाटणीचे नग तपासणाऱ्या शेजारच्या माणसाला होतो, आणि त्याने तुमचे काहीच वाकडे केलेले नाही.

तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे, ती म्हणजे मागच्या तारखांच्या सह्या. त्या करू नका. कॅलिब्रेशन चुकले असेल, तर त्या मधल्या काळात तो गेज बरोबर माप दाखवत होता की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, आणि त्या गेजने पास केलेले भाग आज रस्त्यावरच्या गाड्यांत बसलेले आहेत. याचा योग्य मार्ग तुमच्या विभागाला माहीत असलाच पाहिजे. गेज आता कॅलिब्रेट करायचा, आजचीच तारीख घालायची, मधला खंड त्रुटी म्हणून नोंदवायचा आणि गेज मापाबाहेर निघाला तर आधी तपासलेल्या मालाचे काय, याचा निर्णय लेखी घ्यायचा. ऑडिटर कदाचित एक नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे त्रुटीची लेखी नोंद, देईल. त्यातून कंपनी सुधारणा दाखवून बाहेर पडते. बनावट नोंद सापडली तर मात्र उरलेल्या सगळ्या नोंदींवरचा विश्वास जातो. शिवाय हे काम जाणाऱ्या माणसालाच का सांगितले गेले, याचाही विचार करा. तुम्ही उद्या रांजणगावला असाल आणि कागदावरची सही मात्र चाकणमध्ये, बचाव करायला कुणी नसताना, तुमच्याच नावाने बोलत राहील. साहेबांच्या मनात तसे नसेलही. ऑडिटच्या धास्तीने माणूस काहीही बोलून जातो. म्हणून आरोपाचा सूर न लावता लिहा: ‘अमुक गेजचे कॅलिब्रेशन अमुक तारखेपासून बाकी आहे, ते या आठवड्यात करून घेऊन आजच्या तारखेने नोंद करतो आणि खंडाची नोंद त्रुटी म्हणून ठेवतो.’ तोंडी आलेल्या सूचनेला लेखी उत्तर गेले की अशा सूचना बहुधा पुन्हा येत नाहीत.

एचआरने देऊ केलेली दहा दिवसांची सुटका तुम्हाला मोहात पाडते आहे, असे पत्रावरून वाटते. ती स्वीकारण्यापूर्वी ग्रॅच्युइटीचा हिशेब करा. पाच वर्षे पूर्ण झाल्यामुळे तुम्ही ग्रॅच्युइटीला पात्र आहात. प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन मिळते, ते काढताना महिना २६ दिवसांचा धरतात, आणि शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून अधिक असेल तर तो पूर्ण वर्ष म्हणून मोजला जातो. दोन महिने पूर्ण केलेत, तर तुमची सेवा सहा वर्षे सात महिने, म्हणजे हिशेबाला सात वर्षे होते. दहा दिवसांत बाहेर पडलात तर सहाच. समजा, ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे वेतन महिना ३०,००० रुपये असेल, तर एका वर्षाचा फरक सुमारे १७,३०० रुपयांचा आहे. त्याखेरीज उरलेल्या पन्नास दिवसांचा पगार मिळणार की बुडणार, हाही प्रश्न आहेच. साहेबांचे तोंड पाहावे लागू नये यासाठी ही किंमत मला तरी जास्त वाटते. तरीही लवकर जायचे ठरवलेत, तर या सगळ्याचे लेखी उत्तर हाती घेऊनच होकार द्या.

पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, राजीनामा दिलेल्या माणसाचे देय वेतन त्याने नोकरी सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असते आणि ग्रॅच्युइटीसाठी सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदत ३० दिवसांची आहे. ‘फुल अँड फायनल’ला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, किती महिने लागतील ते सांगता येत नाही, असे कुणी म्हणाले तर नम्रपणे हे दाखवून द्या. पीएफ मात्र काढू नका, नव्या कंपनीच्या खात्यात वळवून घ्या. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा त्यामुळे जोडलेली राहते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण एकाच प्रकारच्या दोन कारखान्यांमध्ये जाताना ती हमखास उपटते. ग्राहकांची ड्रॉइंग्ज, तपासणीचे तक्ते, किंमतींच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घेऊ नका. त्यातले तक्ते तुम्हीच बनवलेले असले तरीही. नोकरी सुटल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, त्यामुळे रांजणगावला जाण्याबद्दल कुणी धाक घातला तर घाबरू नका. गोपनीयतेचे बंधन मात्र नोकरीबरोबर संपत नाही, आणि ते मोडणाऱ्या माणसावर नवी कंपनीही मनातून विश्वास ठेवत नाही.

राहिले साहेब. त्यांचा अबोला मोडणे हे तुमच्या कामात येत नाही. मीटिंगला बोलावत नसतील तर तो वेळ लिहून काढायला वापरा; बोलावले तर जा आणि जुने उगाळू नका. सहा वर्षांत त्यांच्याकडून तुम्ही काही शिकला असाल, तर जाण्यापूर्वी कधीतरी ते त्यांना सांगा, पण काही शिकला नसाल तर खोटे गोड बोलण्याचे कारण नाही. कँटीनमध्ये नव्या पगाराचा आकडा सांगू नका आणि लाइनवरच्या कुणाला ‘तूही ये’ म्हणून आमंत्रण देऊ नका. निदान हे दोन महिने तरी नको.

तुम्ही गेल्यावरही फोन येतील, हे गृहीत धरा. पहिले पंधरा-वीस दिवस, नव्या नोकरीची वेळ संपल्यावर, त्यांना उत्तर द्या आणि ते उत्तर तुमच्या टिपणातल्या कोणत्या पानावर आहे तेही सांगा. त्यानंतरही तेच प्रश्न येत राहिले, तर ‘टिपण पाहा आणि साहेबांना विचारा’ एवढे सांगून फोन ठेवायला हरकत नाही.