'खडखड' दुहेरी का?

खडखड, टिकटिक, धडधड हे शब्द नेहमी दुहेरीच का असतात, असे चोपड्याहून एका वाचकांनी विचारले आहे. आवाज काही दोनदा होऊन थांबत नाही, मग शब्दात नेमके दोन कुठून आले, अशी त्यांची शंका आहे.

व्याकरण यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे दुहेरी शब्द, म्हणून मोकळे होते. पण आधी एकेरी रूपे पाहावीत. दार 'खाडकन' लागते, ताटली 'ठणकन' पडते. तेथे आवाज एकदाच होऊन संपतो. तो चालू राहिला की 'कन' गळते आणि ध्वनी दोनदा येतो. माझ्या मते हे दोन मोजणीचे नव्हेत. एका ठोक्यावरून कानाला पुढचे काही कळत नाही. दुसरा पडला की मधले अंतर ठरते आणि तिसऱ्याची वाट पाहणे सुरू होते. आवाजाची रांग लागली आहे, हे सांगायला दोन पुरतात.

शिवाय जोडी लावण्याची खोड कानालाच आहे. थॅडियस बोल्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अगदी सारखे आणि सारख्या अंतराने येणारे ठोकेही लोकांना दोन-दोन, चार-चार अशा गटांत ऐकू आले होते. मात्र दोन ठोक्यांत साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर पडले की गट विस्कटतो आणि प्रत्येक ठोका सुटा वाटू लागतो. भिंतीवरचे घड्याळ सारखेच वाजत असताना इंग्रजीने त्यातला दुसरा ठोका 'टॉक' केला. मराठीने 'टिकटिक' म्हणून दोन्ही सारखे ठेवले, जे घड्याळाशी अधिक प्रामाणिक आहे.

भुसावळकडच्या माणसाला रेल्वेचे उदाहरण लगेच पटेल, पण तेथे गट कानाने पाडलेले नसतात. रुळांना सांधे असत तेव्हा एका डब्याची मागची बोगी (म्हणजे डब्याखालचा, चाकांच्या दोन जोड्यांचा गाडा) आणि पुढे लगेच येणाऱ्या डब्याची पहिली बोगी, अशी चाकांच्या चार जोड्यांची चार धडका सांध्यावर पाठोपाठ बसत, आणि मग डब्याच्या मधल्या लांबीएवढी उसंत मिळे. खडखड-खडखड, आणि थोडे थांबून पुन्हा तेच. सांधे वितळवून जोडलेल्या लांब रुळांवर हा ठेका आता फारसा उरलेला नाही.

खरी अडचण 'घरघर'ची आहे. जात्याच्या आवाजात तुटक ठोके नसतातच, तो सलग असतो. तरी दळणारीचा हात खुंटा ओढताना आवाज चढतो, परतताना उतरतो, आणि कान प्रत्येक फेऱ्याची सुरुवात त्या चढापासून धरतो.